‘मधला थर काढून टाका’ या आक्षेपाविषयी

सप्रेम नमस्कार.

‘साउंड कार्ड अडकले की पल्सऑडिओ बंद करा, हा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी; मुळात अल्सा असताना हा मधला थर हवाच कशाला?’ असे आपण लिनक्सवरील आवाजाविषयीच्या माझ्या लेखावर लिहिले आहे. (अल्सा म्हणजे लिनक्समध्ये साउंड कार्डाशी थेट बोलणारी व्यवस्था; पल्सऑडिओ म्हणजे प्रोग्राम आणि अल्सा यांच्यामध्ये बसून सगळ्यांचे आवाज एकत्र करणारा सर्व्हर.) त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. पल्सऑडिओ बंद केला तरी पुढच्या प्रोग्रामने आवाज मागताच सिस्टिमडी ही लिनक्समधील सेवा सांभाळणारी व्यवस्था त्याला पुन्हा सुरू करते, हे मी लेखात सांगायला हवे होते. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.

दुसऱ्या भागाशी मात्र मी सहमत नाही. मदरबोर्डवरील बहुतेक ध्वनिचिपा एका वेळी एकच प्लेबॅक प्रवाह स्वीकारतात. साउंड ब्लास्टर लाइव्हसारखी जुनी कार्डे अनेक प्रवाह स्वतःच मिसळत, त्यामुळे ती वापरणाऱ्यांना ही अडचण फारशी जाणवलीच नाही. अल्सामध्ये प्रवाह मिसळण्याचे ते काम डीमिक्स हा तिचा भाग करतो हे खरे, पण प्रोग्रामने ‘डिफॉल्ट’ उपकरण उघडले तरच. जो प्रोग्राम थेट ‘एचडब्ल्यू’, म्हणजे प्रत्यक्ष कार्डच, उघडतो, तो कार्ड एकट्याकडे घेतो आणि मागून येणाऱ्याला ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ एवढेच उत्तर मिळते. डीमिक्स आधीपासून चालू असेल, तर तोच नकार या थेट येणाऱ्याच्या वाट्याला येतो.

विलेपार्ल्यातील एका गायनवर्गाच्या संगणकावर मी नेमके हेच पाहिले. जॅक या ध्वनिमुद्रणासाठीच्या ध्वनिसर्व्हरने कार्ड धरून ठेवले होते, त्यामुळे आर्डर या प्रोग्राममध्ये ध्वनिमुद्रण व्यवस्थित होत होते, पण ब्राउझरमधला तानपुरा मुका होता. कार्ड कोणाकडे आहे, हे फ्यूजर आज्ञेने लगेच कळले. तथापि वर्ग घेणाऱ्या ताईंनी प्रत्येक वेळी एक प्रोग्राम बंद करून दुसरा उघडावा, हे सांगणे मला पटेना. तेथे पाइपवायर बसवले. विम टायमन्स यांनी सुरू केलेला आणि २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्सच्या आवृत्तीने ध्वनीसाठी मूळ निवड म्हणून स्वीकारलेला हा सर्व्हर कार्ड स्वतः उघडतो आणि अल्सा, पल्सऑडिओ व जॅक या तिन्हींसाठी लिहिलेल्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करून त्यावर पाठवतो. तेव्हापासून गाणे आणि तानपुरा एकाच वेळी चालतात.

आपल्याला यूएसबी डॅकवर (डिजिटल ध्वनीचे ॲनालॉग रूपांतर करणाऱ्या बाह्य उपकरणावर) मधल्या फेरफाराविना संगीत ऐकायचे आहे, ही गरज रास्तच आहे, पण त्यासाठी थर कायमचा काढावा लागत नाही. पल्सऑडिओ असल्यास संगीत वाजवणारा प्लेअर पासस्पेंडर या आज्ञेमार्फत चालवा, म्हणजे प्लेअर चालू असेपर्यंत सर्व्हर कार्ड सोडून देईल. पाइपवायर असल्यास पॅव्हूकंट्रोल या ध्वनिनियंत्रणाच्या प्रोग्राममध्ये त्या डॅकचे प्रोफाइल ‘ऑफ’ करा. एवढे करूनही नकार आला, तर फ्यूजर त्या वेळी कोणत्या प्रोग्रामचे नाव दाखवते ते येथे लिहा. आपण पुढे पाहू.