हूक कशाला लावू?

परवा गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरत होता. कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरला फ्लेक्स चढवणारं पोरगं, अँगलवर एका पायावर उभं, तोंडात सुतळी. खाली कमेंटांचा पाऊस. "यांना बेल्ट घालायला काय होतंय?" "जिवाची किंमतच नाही राव यांना." मीपण तसंच काहीतरी टाईप केलं आणि पुसून टाकलं. तीन वर्षांपूर्वी माझ्याच शेडच्या छतातून एक पोरगं खाली आलं होतं, मी कुठल्या तोंडानं बोलू?

शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक मिलिंग, बस्स. शेड वडिलांच्या वेळची. वर सिमेंटचा पत्रा, मधेमधे उजेडासाठी फायबरचे पत्रे. मे महिन्यात वळवाचे दोन दणके बसले की उद्यमनगरातल्या समस्त मालकांना एकदम पत्रा आठवतो, आणि त्या पंधरवड्यात पत्रेवाल्याचा भाव आमदारापेक्षा जास्त असतो.

दोघांकडून दर घेतला. पहिला वर चढून बघून आला आणि म्हणाला, "पत्रा लई जुना हाय मालक. फळ्या टाकून कराय लागंल, दोन दिस जास्त धरा." दुसरा खालूनच बघून म्हणाला, "उद्या सकाळी चढतो, सांजच्याला मोकळा." मी दुसऱ्याला उक्तं देऊन टाकलं. पैसे कमी आणि मशीन बंद ठेवायची एकच दिवस. तुम्हीही त्यालाच दिलं असतं.

बेल्ट नव्हता असं नाही. मीच एकदा लक्ष्मीपुरीतून आणला होता, चांगला छातीला-मांडीला पट्टे असलेला, ऑफिसच्या खिळ्याला प्लॅस्टिकसकट लटकत होता. त्यादिवशी मी तो मोठ्या ऐटीत काढून त्या पोराला दिला. वय असेल बावीस-तेवीस. त्यानं तो घातलाही. मग हूक हातात धरून मला विचारलं, "मालक, ह्यो हूक कशाला लावू?"

मी वर बघितलं. पत्र्यातून वर आलेली, पत्रा आवळणाऱ्या वाकड्या जे-बोल्टची टोकं सोडली तर तिथं धरण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणालो, "बघ बाबा, सांभाळून कर." आणि चहा सांगायला गेलो.

पत्र्यावर चालणारे बोल्टच्या ओळीवरून चालतात. खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारा आडवा दांडा असतो, तिथं पत्रा वजन घेतो. दोन पर्लिनच्या मधे पाय दिला की गेलं. हे त्याला माहीत होतं, तो तसाच चालत होता. पण फायबरचा पत्रा एवढ्या वर्षांच्या उन्हानं आणि शेजारच्या फाउंड्रीच्या काजळीनं काळाठिक्कर पडलेला. वरून तो आणि सिमेंटचा एकसारखेच दिसत होते. हातातली डांबरी पट्टी ठेवायला तो जरा बाजूला वाकला, एवढंच.

सोळा फूट. नंतर मी हिशेब करून बघितला: सोळा फुटांवरून खाली यायला बरोबर एक सेकंद लागतो, आणि जमिनीला टेकताना वेग ताशी ३५ किलोमीटर असतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही, तो ओरडला नाहीच. पायावर पडला. दोन्ही टाचा फुटल्या आणि कमरेचा एक मणका दबला. एक चप्पल वर पत्र्यावरच राहिली. आम्ही त्याला फळीवर घालून टेंपोत ठेवला तेव्हा माझ्या दोन नंबरच्या लेथवर, जिथं कधी ट्यूबशिवाय काम झालं नाही तिथं, उन्हाचा लख्ख चौकोन पडला होता.

तो वाचला, चालतो. चढत नाही. दवाखान्याचं नि पुढच्या पैशाचं काय केलं ते इथं लिहीत नाही, त्यावर लाईक नकोत.

मला बोलायचंय ते त्याच्या प्रश्नावर. आपण बेल्ट देतो आणि सुटलो असं समजतो. वर अडकवायला भक्कम जागा नसेल तर बेल्ट हा नुसता दागिना. दहीहंडीत बघा, मोठ्या मंडळांत वरच्या पोराला क्रेनवरून दोर असतो. दोर वरून, डोक्याच्या वरून. ती अक्कल आपल्याला गोविंदासाठी सुचते, पत्रेवाल्यासाठी नाही.

आणि जागा असली तरी हिशेब आहेच. बेल्टचा सहा फुटी दोर पायाजवळच्या पर्लिनला अडकवला असं धरा. पडल्यावर सहा फूट तो दोर, मग झटका कमी करणारी घडी उघडते तिचे साडेतीन फूट, मग पाठीच्या कडीपासून तळपायापर्यंत माणसाची पाचेक फूट लांबी. झाले साडेचौदा. शिवाय पायाखाली तीन फूट मोकळे राहायला हवेत म्हणतात. माझी शेड सोळाची, त्यात खाली लेथ उभी. म्हणजे बेल्ट घालून, हूक लावून, सगळं नियमानं करूनही तो लेथवर आपटला असता. तिथं दोर आखूड पाहिजे किंवा खाली जाळी पाहिजे. कमरेचा नुसता पट्टा तर वापरूच नये, सगळा झटका पोटाला बसतो. आणि बेल्टला लटकलेल्या माणसाला लगेच उतरवावं लागतं. पायात रक्त साचून तो तसाच दगावू शकतो. उतरवणार कोण आणि कसा, हे चढायच्या आधी ठरायला हवं.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३२ होतं. पडण्याचा धोका असेल अशा उंचीवर काम असेल तर कठडा घालून किंवा दुसऱ्या मार्गानं सोय करा, असं ते कारखान्याला सांगायचं. मी ते पोरगं पडल्यावर वाचलं. आता तो कायदा कामगार सुरक्षेच्या २०२० च्या नव्या संहितेत गेला. माझं वर्कशॉप त्यांच्या कामगारसंख्येच्या आकड्यात बसतं का, हा वकिलाचा प्रश्न. पण सोय कोणी करायची, एवढं त्यातून मला कळलं. चढणाऱ्यानं नाही.

बांधकामवाल्यांसाठी १९९६ चा कायदा होता, तोही आता २०२० च्या संहितांत गेला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर त्या कामगारांसाठीच जमा होत आला. बांधकाम कामगार मंडळाकडून मिळणाऱ्या सुरक्षा संचात हेल्मेटसोबत बेल्टही येतो. आमच्या ओळखीच्या एका गवंड्याकडं मी तो बघितला. गाडीला दुधाच्या किटल्या बांधायला वापरतो, फार मजबूत आहे म्हणाला. हसू नका. परांचीवर तो कशाला बांधायचा हे त्याला कोणी दाखवलंच नाही, किटलीला कसा बांधायचा ते त्याचं त्यानं शोधलं.

आता मी काय केलं ते. फायबरच्या प्रत्येक पत्र्याखाली वेल्डमेश, म्हणजे लोखंडी जाळी मारली, कैचीला (छताच्या लोखंडी सांगाड्याला) धरून. वेल्डरचे दोन दिवस गेले. पत्र्यावर आडव्या टाकायला बारा फुटी दोन जाड फळ्या केल्या, त्या एकावेळी तीन-चार पर्लिनवर बसतात. आणि जे काम खालून होतं ते खालूनच करायचं, त्यासाठी चाकाचं स्कॅफोल्डिंग घेतलं. यंदा पत्रेवाला कुरकुरला, "मालक, फळ्या सरकवण्यात निम्मा दिस जातोय." मी म्हटलं जाऊ दे, निम्म्या दिवसाचे पैसे वेगळे धर. उक्त्याच्या दरात त्याची सावकाशी बसत नाही, ती आपणच विकत घ्यावी लागते. घासाघीस पत्र्याच्या कंपनीशी करा की.

वळीव सुरू झालाय, तुमच्यातल्या निम्म्यांचं पत्र्याचं काम निघणारच. फळ्या आणि स्कॅफोल्डिंग माझ्याकडं नुसतंच उभं आहे. उद्यमनगर, फुलेवाडी, शिरोली, कुणालाही लागलं तर न्या. भाडं नको. टेंपो तुमचा, आणि चाकाचे ब्रेक लावल्याशिवाय कुणाला वर चढवू नका. एक चाक जरा ढिलं आहे, ते नेतानाच बघून घ्या.