पार्टीला बिनव्याजी कर्ज किती द्यायचं, ते सही करण्याआधी ठरवा

नफ्यात चाललेला कंत्राटदार पैशांअभावी बंद पडतो, यावर बाहेरच्या माणसाचा विश्वास बसत नाही. पण तारखा मांडून बघा. महिन्याभराचं काम आहे. साहित्य पहिल्याच दिवशी, मजुरी दर आठवड्याला. काम झालं की मोजमाप, मग बिल. करारात बिलापासून ४५ दिवस लिहिलेत आणि पार्टी, म्हणजे तुम्हाला काम देणारा, त्यानंतरही आणखी ३० दिवस लावते. म्हणजे साहित्यात घातलेला पैसा १०५ दिवसांनी परत येणार. तोवर ते पार्टीला दिलेलं बिनव्याजी कर्जच. तोवर दुसरं, तिसरं काम सुरू झालेलं असतं आणि त्यांनाही सुरुवातीलाच पैसे लागतात. त्यामुळे कामं वाढली की तंगीही वाढते.

त्यात रिटेन्शन, म्हणजे कामात दोष निघाला तर हाताशी असावी म्हणून पार्टी बिलातून कापून ठेवते ती रक्कम. बिलातून १० टक्के कापले आणि तुमचा नफाही १० टक्केच असला, तर हातात आलेलं सगळं खर्चात गेलं. नफा अख्खाच्या अख्खा समोरच्याकडे अडकला, तोही दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत. दर भरताना हा हिशेब किती जण करतात?

म्हणून माझं ठाम मत आहे की उशिरा पेमेंटचा बंदोबस्त करारावर सही करण्याआधीच करायचा असतो. साहित्यापुरता अ‍ॅडव्हान्स मागा. शेवटी एकच मोठं बिल लावण्यापेक्षा दर पंधरवड्याला रनिंग बिल, म्हणजे तोवर झालेल्या कामापुरतं बिल, लावा. थकबाकी ठरलेल्या दिवसांपुढे गेली तर काम थांबवण्याचा हक्क लेखी घ्या. आणि ‘आम्हाला वरून मिळाले की तुम्हाला देऊ’ हे कलम काढायला लावा; ‘वरून’ म्हणजे पार्टीला ज्याने काम दिलं त्या मालकाकडून. निघत नसेल तर काम सोडा. ज्याच्याशी तुमचा करारच नाही, त्याच्या लहरीवर तुमचं घर का चालावं?

लवकर पैसे मिळावेत म्हणून सूट देणारे खूप आहेत. ३० दिवसांऐवजी १० दिवसांत दिले तर २ टक्के सूट, ही जुनी पद्धत. ऐकायला किरकोळ वाटते, पण २० दिवस आधी पैसे मिळवण्याची ही किंमत वर्षाच्या हिशेबाने साधारण ३७ टक्के व्याज होते. बँकेची ओव्हरड्राफ्टची (शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची) सोय असेल तर आधी तिचा दर बघा.

बिल ज्या दिवशी लावता येतं त्याच दिवशी लावा. वर्क ऑर्डरचा नंबर चुकला किंवा मोजमापाच्या कागदावर सही राहिली, की अकाउंट्सवाल्यांना ते बाजूला ठेवायला कारण मिळतं. पेमेंट कोणत्या वारी सुटतात, सही कोणाची लागते, हे आधीच विचारून घ्या. मुदत संपायच्या आठवडाभर आधी एक फोन करावा. आपल्याच पैशांचा तगादा लावायला लाजू नये, अगदी मनापासून सांगतो.

पुढच्या १३ आठवड्यांची येणी-देणी एका कागदावर मांडा. येण्यापुढे करारातली तारीख लिहू नका. ती पार्टी आजवर जितक्या दिवसांनी देत आली, ती तारीख लिहा. कराचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, ते खेळतं भांडवल नव्हे. कोणत्या आठवड्यात खड्डा पडणार, हे दोन महिने आधी दिसलं तर बँकेशी बोलता येतं.

आणि खड्डा पडलाच, तर मजुरी सगळ्यात आधी. ज्यांच्या घरात आठवड्याच्या पैशांवर चूल पेटते, त्यांच्यावर पार्टीचा उशीर ढकलणं मला अजिबात मान्य नाही. साहित्यवाल्याला मात्र थांबवावं लागलं तर त्याची तारीख उलटायच्या आधी स्वतः फोन करा, थोडी रक्कम लगेच द्या आणि उरलेल्याची पाळता येईल अशीच तारीख सांगा.