घरोघरी निराळा उमेदवार

निवडणूक जाहीर झाली की आमच्या घरात टीव्हीचा रिमोट माझ्या हाती येतो. एरवी त्यावर माझा काडीचाही हक्क नसतो. पण पडद्यावर उमेदवार हात जोडून उभा राहिला की त्याला घालवून देण्याचं काम घरातल्या कर्त्या पुरुषाचं, असं सौभाग्यवतींनी ठरवून टाकलंय.

या कामाला मोठा इतिहास आहे. १९५२ साली अमेरिकेत अध्यक्षपदासाठी उभे असलेले स्टीव्हन्सन टीव्हीवर अर्ध्या अर्ध्या तासाची भाषणं करायचे. लोकांना उठून जायला भरपूर सवड. त्यांच्याविरुद्ध उभे असलेल्या आयझेनहॉवर यांच्या माणसांनी त्याऐवजी वीस-वीस सेकंदांच्या जाहिराती काढल्या. वीस सेकंदांत उठणार कसं? गुडघा सरळ होईपर्यंत उमेदवार देश वाचवून मोकळा! त्यातही गंमत अशी की, साहेबांची उत्तरं आधी चित्रित झाली आणि प्रश्न विचारणारी सामान्य माणसं मागाहून आणली. (ही पद्धत पुढे भलतीच रुजली.)

मग रिमोट आला, गुडघ्यांचा प्रश्न मिटला. त्यानंतर कार्यक्रम रेकॉर्ड करणारे डबे आले. तो आमचा सुवर्णकाळ! जाहिरात पुढे पळवायला लागलं की उमेदवार हात जोडतो, बाळ उचलतो, बाळ ठेवतो, पुन्हा हात जोडतो, आणि हे सगळं अवाक्षर न काढता. तेवढ्या वेळापुरता मला प्रत्येक पक्ष आवडायचा. पण प्रचारवाले वस्ताद. क्रिकेटची मॅच आणि बातम्या कोणी रेकॉर्ड करून बघत नाही हे ओळखून ते तिथे जाऊन बसले.

आता स्मार्ट टीव्ही आलाय. पडद्यावर काय चाललंय याचे ठसे तो घेतो आणि कंपनीला कळवतो. टीव्ही बसवताना घाईघाईत 'मान्य आहे' दाबलं जातं, त्यात हेही मान्य झालेलं असतं. त्यावरून घरात कोण राहतं याचा अंदाज बांधून ज्या त्या घराला ज्याची त्याची जाहिरात.

परवा मी आणि शेजारचे अप्पा आपापल्या घरी एकच मॅच बघत होतो. षटक संपलं, जाहिरात लागली. भिंतीपलीकडून अप्पा ओरडले, "ऐकलंत का? पेन्शन वाढवणार!"

आमच्याकडे तोच उमेदवार मोटारसायकलवर बसून तरुणांना नोकऱ्या देत होता. सुट्टीत आलेल्या भाच्याने महिनाभर शर्यती बघितल्या होत्या, त्याचा हा प्रसाद.

"अहो, मला पेन्शन का नाही?" मी चिडून म्हणालो.

"कुणीतरी तुम्हाला तरुण समजलंय," सौभाग्यवती म्हणाल्या, "गप्प बसा."

मला मात्र जुनी थाप बरी वाटते. ती सगळ्यांना एकच मिळायची. १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्या प्रचारात फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्या मुलीची आणि अणुस्फोटाची जाहिरात आली. तिच्यासाठी वेळ विकत घेतला तो एकदाच. पण बातम्यांनी ती पुन्हा दाखवली आणि देशभर त्यावर भांडणं झाली. आता भांडायचं कोणाशी? माझ्या घरात दिलेला शब्द अप्पांनी ऐकलेला नसतो, आणि विरोधी उमेदवार तो खोडून काढणार कसा? त्याच्या टीव्हीवर तो येतच नाही.

अप्पा हल्ली मॅच बघायला आमच्याकडे येतात. खेळ तोच असतो, पण तुमच्याकडचा उमेदवार जास्त देतो, असं त्यांचं म्हणणं आहे.