१ स्टार रिव्ह्यूला उत्तर: वाकड्या मणक्याच्या पायथनचं ब्रीडिंग

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. बोरिवलीहून दादरला टबमध्ये बॉल पायथन (पाळीव अजगर) मादी घेऊन आलात, ॲडव्हान्स भरलेला, आणि मी आयत्या वेळी आमचा नर लावायला नाही म्हटलं, "बाकी सगळे करतात, हाच एकटा शहाणा" असं लिहिलंत. तुमचा राग अर्धा बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत तेव्हाच मी अजून मागायला हवे होते, वेटोळं घालून बसलेल्या सापाच्या फोटोत किंक, म्हणजे मणक्यातला वाक, दिसत नाही हे माहीत असून मी हो म्हणून टाकलं. ॲडव्हान्स परत दिलाच आहे, एक्स-रेचे पैसेही घेऊन जा.

आता तुमचं म्हणणं की हे जेनेटिक नाही, अंड्यात असताना गरम जास्त झालं म्हणून मणका वाकला. असेलही! अंडी ३१-३२ डिग्रीला ठेवतात, त्याच्या फार वर गेलं की वाकडी पिल्लं निघू शकतात, माझ्याकडेच एकदा मे महिन्यात थर्मोस्टॅट अडकला आणि सहातली दोन तशी निघाली, आईबाप ठणठणीत. पण कॅरॅमल अल्बिनोसारख्या मॉर्फमध्ये (ठरावीक रंग-पॅटर्नच्या प्रकारात) किंक बऱ्याचदा जीनसोबतच येतो, आणि तुमची मादी तिसऱ्या हाताने आलेली, तिचे आईबाप कोण, भावंडं कशी निघाली, कोणालाच पत्ता नाही. नुसतं एका सापाकडे बघून हे सांगता येत नाही हो.

आणि खरं सांगू का, जेनेटिक नसतं तरी मी नाहीच म्हटलं असतं. एक्स-रेत दोन्ही किंक मागच्या भागात आहेत, अंडी तिथूनच बाहेर यायची, आणि या सापाची अंडी काय पालीएवढी नसतात, चांगली मोठी असतात, चार-सहा तरी. एक अडकलं तर ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. रात्री ११ वाजता मुंबईत सापाला चिरणारा डॉक्टर शोधून बघा एकदा. वजन १,७०० ग्रॅम आहे, खाते मस्त, सगळं मान्य, पण खाणं वेगळं आणि अंडी घालणं वेगळं.

बाकी सगळे करतात म्हणता, तर स्पायडर मॉर्फचं डोकं डुलतं, ते त्या जीनमुळेच हे माहीत असूनही पॅटर्न छान म्हणून लोक वर्षानुवर्षं ब्रीड करतच राहिले ना. शिवाय पिल्लं झाली की परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंद माझी-तुमची, आणि घेणाऱ्याने आई दाखवा म्हटलं तर काय दाखवणार होतो आपण?

तुमची मुलगी तिला गळ्यात घालून अभ्यास करते म्हणालात, तशीच राहू दे तिला. फक्त उंदीर थोडा लहान द्या, मोठा घास किंकपाशी अडकू शकतो, त्या दिवशी भांडणाच्या नादात हे सांगायचंच राहिलं.