‘गुड’ पुरेसा नाही, सर (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्यू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कूल, ग्रेट, ऑसम, ब्रिलियंट, लव्हली हे कौतुकाचे इंग्रजी शब्द सगळे एकाच मापाचे, मुलांना ‘गुड’ आणि ‘व्हेरी गुड’ आलं की भागतं, आणि चहाला ऑसम म्हणणं तर चूकच, कारण ऑसम म्हणजे धाक वाटावा असं. मला हे पटलेलं नाही, का ते सांगते.

आधी धाकाचं. मूळ अर्थच धरायचा तर टेरिफिक म्हणजेही भयंकर, आणि नाइस तर लॅटिनमधल्या ‘अडाणी’ अर्थाच्या शब्दावरून आलाय, मग तेही बंद करायचे का? आणि ही आजच्या पोरांची खोड नाही हो, १८१७ च्या शेवटी आलेल्या जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी नायिकेला याच नाइसवरून चिडवतो, की हा शब्द काय, कशालाही चालतो! तरी नाइस आजही जोरात चालूच आहे.

आता खरा मुद्दा. आपली कितीतरी मुलं पुण्यात बसून लंडन आणि अमेरिकेतल्या लोकांबरोबर काम करतात. ब्रिटिश माणसाने ‘क्वाइट गुड’ लिहिलं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ठीक आहे, अजून बरं करता आलं असतं, आणि हेच अमेरिकन माणसाने लिहिलं तर खूपच चांगलं झालंय. उलट त्याच ब्रिटिशाने ‘नॉट बॅड ॲट ऑल’ म्हटलं तर खुशाल शाबासकी समजा. तिकडे फॉर्म हातात दिला तरी ‘ब्रिलियंट’ आणि सुट्टे पैसे दिले तरी ‘लव्हली’, म्हणजे फक्त मिळालं, झालं काम. आयर्लंडमध्ये ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ठीक.

कूल तर कितीदा कौतुक नसतंच. ‘फाइल सोमवारी पाठवते’ला ‘कूल’ म्हणजे बरं, चालेल. पण सहकाऱ्याने कळवलं की आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि तुम्ही ‘कूल’ लिहिलंत तर ते फार कोरडं लागतं, तिथे ‘सो ग्लॅड टु हिअर’च हवं. हा फरक मुलांना कुणीच सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठीत असला घोळ नाही म्हणता? मुलगा बघून आलेली मावशी ‘बराय’ म्हणाली की ‘छान आहे’ म्हणाली, यावर घरात पुढचं सगळं ठरतं! आपल्याला ते घरातच ऐकून ऐकून कळलं, इंग्रजी मात्र पुस्तकातून शिकलो, म्हणून तिथे सांगावं लागतं.

वयाचंही आहेच. ग्रूव्ही (म्हणजे झकास) आणि कूल दोन्ही जॅझवाल्यांच्या बोलीतून पसरले, ग्रूव्ही साठच्या दशकात गाजून जुनाट झाला, कूल टिकला. म्हणून मी सांगते, सिक, लिट (पोरांच्या बोलीत दोन्ही म्हणजे भारी) हे कळू देत, पण ऑफिसच्या मेलमध्ये नकोत, तिथे ग्रेट, नाइस बिनधास्त वापरा.

आणि तुमचा ‘गुड’? अमेरिकन सहकाऱ्याच्या प्रेझेंटेशननंतर नुसतं ‘इट वॉज गुड’ म्हणून बघा, पुष्कळदा तो विचारेल, काय कमी पडलं?