उष्णता वर जात नाही, पाणी वर जातं

पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. चौथीच्या मुलांना पाण्यातली उष्णता कशी शिकवावी, याचा तो सल्ला. म्हणणं तीन कलमी: उष्णता हलकी, म्हणून ती नेहमी वर जाते, पाणी उष्णतेचं सुवाहक आहे, आणि एवढ्याशा पोरांकडून वहन, अभिसरण, प्रारण हे (उष्णता पसरण्याच्या तीन रीतींचे) शब्द पाठ करून घेतले की पुरे.

पहिलं कलम सगळ्यांत चिवट. उष्णतेला वजनच नाही, मग हलकी कसली? सळईचं वरचं टोक तापवा, चटका खालच्या टोकालाही पोचतो. पाण्यात वर जातं ते पाणी. तळाचं पाणी तापून फुगतं, तेवढ्याच जागेत त्याचं वजन कमी भरतं, आणि भोवतालचं गार, जड पाणी खाली घुसून त्याला वर ढकलतं. उष्णता त्याच्या पाठुंगळीवर बसून जाते. आपल्या गच्चीवरच्या साध्या सोलरची टाकी पॅनेलच्या वर असते ती यासाठीच. तिथे पंप लागत नाही. बरं, 'गरम पाणी वर' हेही ब्रह्मवाक्य नव्हे. ० ते ४ अंशांच्या दरम्यान पाणी तापताना आकसतं, म्हणून तिथे जरा गरम असलेलं पाणी तळाला जातं. पाषाणच्या तलावावर ही पाळी येत नाही, हिमालयातल्या तळ्यांवर दर हिवाळ्यात येते.

पाणी सुवाहक? तांबं त्याच्या सहाशे पटींहून चांगलं वाहक आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलेल्या कुणालाही विचारा: बादलीत रॉड अर्धाच बुडाला, तर वरचं पाणी कढत आणि तळाचं गारढोण. (बटण बंद, पिन बाहेर, मगच हात. मुलांना हे सांगायचं, करायला लावायचं नाही.) शाळेत परीक्षानळीच्या तळाशी बर्फाचा खडा जाळीने दाबून ठेवावा, वरून पाणी भरावं आणि शिक्षकांनी नळीचा वरचा भाग तापवावा. वर पाणी उकळायला लागतं, पुण्याच्या उंचीमुळे साधारण ९८ अंशांनाच, आणि खाली बर्फ बराच वेळ तसाच.

पाठांतराबद्दल काय बोलावं! शब्द नंतर येतील. आदल्या रात्री पाण्यात गडद निळी शाई घालून बर्फ लावा. सकाळी काचेच्या उंच ग्लासात साधं पाणी घ्या, ते अगदी स्थिर होऊ द्या आणि निळा खडा अलगद सोडा. खडा तरंगतो, त्याच्या पोटाखालून निळे धागे तळाकडे उतरतात. कुणीतरी ओरडतंच, "थंडी खाली जाते!" मेसेजमधल्या चुकीची ही जुळी बहीण. खोडून काढू नका. एवढंच विचारा, "मग सगळ्यांत थंड तो बर्फ वर कसा?" आणि वर्गात गोंधळ होऊ द्या.