हेकरू, चढणीचे मासे आणि आप्पांचे आक्षेप

आप्पा, सप्रेम नमस्कार.

प्रवाळखडकांवरील शिकारी माशांविषयीच्या माझ्या लेखावर आपण रावेरहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे: पहिले, मोठा मासा लहान माशांना खातो, तेव्हा मोठा काढला की लहान वाढतील आणि गरिबाच्या ताटात जास्त मासे पडतील, दुसरे, शार्क संपले की प्रवाळ मरतो, हे मी पुराव्यावाचून लिहिले, आणि तिसरे, केळीच्या पट्ट्यात बसून मी दर्यावरच्या कोळ्यांना बंदी शिकवू नये.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो बराचसा खरा आहे. शार्क गेले की मधले शिकारी मासे माजतात, ते शेवाळ खाणाऱ्या माशांचा फडशा पाडतात आणि मग शेवाळ प्रवाळावर पसरते, अशी साखळी मी मांडली होती. ती ऐकायला सुबक आहे, पण खडकावरचे खाणे-खाल्ले जाणे इतके सरळ नसते. तिथले नेहमीचे मध्यम आकाराचे शार्क पुष्कळदा मोठ्या हेकरूंचेच (हेकरू म्हणजे ग्रुपर, खडकांत राहणारा शिकारी मासा) भक्ष्य खातात, त्यामुळे त्यांना साखळीच्या टोकावर बसवणेच शंकास्पद आहे. पॅसिफिकमधील किंगमन या निर्मनुष्य खडकावर माशांच्या एकूण वजनापैकी 85 टक्के वजन बड्या शिकाऱ्यांचे आहे, हा 2008 सालचा आकडाही मी बिनदिक्कत दिला होता. मासे मोजायला पाण्यात उतरलेल्या पाणबुड्याभोवती शार्क कुतूहलाने घिरट्या घालतात आणि अशा मोजणीत त्यांची संख्या फुगते, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. शिकारी जितके जास्त तितके बरे, असेही नाही. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश अटलांटिकमध्ये शिरल्यावर बहामाजमधील प्रायोगिक खडकांवर अवघ्या पाच आठवड्यांत स्थानिक माशांच्या नव्या पिलांची भर 79 टक्क्यांनी घटली होती.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही, कारण आपला हिशेब फक्त खाण्याचा आहे, वीण त्यात नाहीच. मृगाच्या पहिल्या पुरात नाल्या-ओढ्यांतून चढणीचे मासे उलटे वर जातात आणि लोक टोपल्या घेऊन धावतात, हे आपण लहानपणापासून पाहिले असेल. पोटात अंडी असलेला मासा त्या दिवशी फुकट मिळतो, आणि पुढच्या साली ओढ्यात मासा का नाही, असे तेच लोक विचारतात. हेकरूचेही तसेच आहे, फक्त त्याला वयात यायलाच कित्येक वर्षे लागतात. एरवी एकेकटा राहणारा हा मासा विणीच्या हंगामात, ठराविक चंद्रतिथीच्या सुमारास, ठराविक जागी हजारोंनी जमतो. त्यासाठी काही मासे शंभराहून अधिक किलोमीटर पोहून येतात. हेकरूच्या पुष्कळ जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, म्हणजे गळाला लागणारे थोराड मासे वेचून काढले की नरच विरळ होतात. त्यातून मेळावा आटत चालला तरी जमलेले मासे दाटीनेच असतात, त्यामुळे होडीला शेवटपर्यंत भरघोस मासळी मिळते आणि तूट कोणाच्या लक्षात येत नाही. जाळ्यावरून साठा ओळखण्याची कोळ्याची पिढीजात रीत नेमकी इथे फसते, आणि यात त्याचा दोष नाही.

कॅरिबियनमधील लिटल केमन बेटाजवळ 2001 मध्ये मच्छीमारांना नासाऊ हेकरूचा सुमारे 7,000 माशांचा असा मेळावा सापडला. दोन हंगामांत त्यातले सुमारे 4,000 मासे पकडले गेले. 2003 मध्ये तिथल्या सरकारने मेळाव्याच्या जागांवर आठ वर्षे मासेमारी थांबवली, तरी बरीच वर्षे संख्या हललीच नाही. 2018 च्या सुमारास ती पुन्हा 7,000 च्या वर गेली. दोन हंगामांत गमावलेले भरून यायला पंधरा वर्षे लागली. प्रवाळाचे काय होते हा वाद बाजूला ठेवला, तरी निव्वळ मासळीच्या हिशेबानेच हेकरू राखावा लागतो.

राहिला बंदीचा प्रश्न. अंतराचा मुद्दा मी सोडून देतो; सुरमई बर्फातून जळगावपर्यंत येते, तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द बोलायला हरकत नसावी. बंदी कोणाच्या पोटावर येते, हे आपले विचारणे मात्र रास्त आहे. मी सरसकट बंदी मागत नाही. लक्षद्वीपच्या लोकांचा पारंपरिक आधार खुल्या समुद्रातला, काठी-गळाने धरलेला ट्यूना हाच होता, त्यामुळे तिथल्या खडकांवरचे मासे दीर्घकाळ बऱ्यापैकी वाचले, आणि बित्रा बेटाजवळ चौकोनी शेपटीच्या हेकरूचा दाट मेळावा अभ्यासकांना पाहता आला. आता बाहेरच्या बाजारासाठी हेकरूला मागणी वाढते आहे. अशा एखाद्या जागी, विणीचे मोजके दिवस आणि तिथल्या मच्छीमारांना विचारून, गळ थांबवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. बाकीचे वर्ष आणि बाकीचा समुद्र त्यांना मोकळाच राहतो.

मूळ लेखातले शार्कविषयीचे ते वाक्य आज मी काढले आहे आणि दुरुस्ती आपल्या आक्षेपामुळे केल्याचे तिथे नमूद केले आहे.